गॅलिपोलीत ऑस्ट्रेलियन सैनिकांचं नक्की काम काय होतं, आणि एवढं लढूनही मोहीम का फसली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९१५ च्या गॅलिपोली मोहिमेत ऑस्ट्रेलियन सैनिक एवढे शूर होते असं सगळे सांगतात, तर मग मोहीम फसली कशी, ब्रिटिश जनरल्सनी त्यांचा बळी दिला हे खरं का, आणि आपल्याकडचं कुणी तिथे होतं का. मी पायदळात नोकरी केली, नंतर बरीच वर्षं तरुण अधिकाऱ्यांना सैनिकी इतिहास शिकवला आणि ती जमीन तीन वेळा पायी फिरून आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर आधी देतो. ऑस्ट्रेलियन सैनिकांना दिलेलं मूळ काम पहिल्याच दिवशी, दुपार व्हायच्या आत हातातून गेलं. त्यानंतरचे आठ महिने ते अशा जागी लढत होते जिथून जिंकता येणं जवळजवळ अशक्य होतं, कारण वरची धार तुर्कांकडे, पाणी बोटीने आणावं लागतंय आणि तोफगोळे मोजून मिळतायत. आणि बळी दिल्याची जी गोष्ट सांगतात ती अर्धी खरी आहे, उरलेल्या अर्ध्याबद्दल लोक बोलत नाहीत म्हणून मी खाली बोलणार आहे.

मोहिमेचं मूळ डार्डनेल्सच्या सामुद्रधुनीत आहे. एजियन समुद्रातून मार्मारा समुद्रात आणि पुढे इस्तंबूलला जाणारा हा पाण्याचा चिंचोळा रस्ता, त्याच्या एका काठाला गॅलिपोलीचं द्वीपकल्प. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरल्यावर रशियाकडे जायचा हा रस्ता बंद झाला. लंडनमध्ये नौदलाचं खातं चर्चिलकडे होतं आणि त्याचा आग्रह असा की जुन्या युद्धनौका घुसवून रस्ता उघडता येईल. १८ मार्च १९१५ ला मोठा हल्ला केला आणि एका दिवसात बूव्हे, इररेझिस्टिबल आणि ओशन अशा तीन मोठ्या नौका बुडाल्या. नुसरत नावाच्या एका छोट्या तुर्की बोटीने दहा दिवस आधी रात्री गुपचूप २६ सुरुंग पेरून ठेवले होते, त्यांनी हे काम केलं. एकट्या बूव्हेवरचे ६०० हून जास्त फ्रेंच खलाशी काही मिनिटांत गेले.

मग ठरलं की पायदळ उतरवायचं, आणि मोहिमेतली पहिली मोठी चूक माझ्या मते इथली आहे. १८ मार्च ते २५ एप्रिल म्हणजे पाच आठवडे गेले. का गेले, तर कितीतरी जहाजांवर सामान उतरवायच्या क्रमाने भरलंच नव्हतं, तोफा एका जहाजात, गोळे दुसऱ्यात, त्यामुळे ती परत अलेक्झांड्रियाला नेऊन रिकामी करून पुन्हा भरावी लागली. नकाशे जुने आणि चुकीचे. तेवढ्या वेळात तिकडे जर्मन जनरल लिमान फॉन सँडर्सने तुर्कांची पाचवी आर्मी हातात घेतली, रस्ते नीट केले, काटेरी तारा टाकल्या, राखीव तुकड्या मागे मधोमध ठेवल्या म्हणजे कुठेही हल्ला झाला तरी तिकडे पळवता येतील. आपण कुठे येणार हे शत्रूला आधी तोफा डागून कळवायचं आणि वर त्याला तयारीला महिना द्यायचा, यातून निभावून न्यायला फार मोठं नशीब लागतं.

आता ऑस्ट्रेलियन कोण होते ते बघू. युद्ध सुरू झाल्यावर ऑगस्ट १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियन इम्पिरियल फोर्स उभी राहिली, सगळे स्वेच्छेने आलेले, त्यात कारकून, मास्तर, खाणकामगार, मेंढ्यांची लोकर कातरणारे असे सगळे. १ नोव्हेंबर १९१४ ला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अल्बनी बंदरातून पहिला ताफा निघाला. त्यांना वाटत होतं आपण इंग्लंडला जाऊन मग फ्रान्समध्ये लढणार, पण वाटेत इजिप्तला उतरवलं आणि पिरॅमिडजवळच्या मेना कॅम्पमध्ये वाळूत सराव सुरू झाला. न्यूझीलंडवाल्यांबरोबर त्यांची एक कोअर केली (सैन्याचे गट मोठ्याकडून छोट्याकडे असे: कोअर, डिव्हिजन, ब्रिगेड, बटालियन), तिचं नाव ऑस्ट्रेलियन अँड न्यूझीलंड आर्मी कोअर, त्याचाच अ‍ॅन्झॅक झाला. या कोअरचा कमांडर विल्यम बर्डवुड, इंडियन आर्मीचा अधिकारी, आणि हे ऐकून पुणेकरांना नवल वाटेल पण त्याचा जन्म आपल्या खडकीतला, १८६५ चा. त्याच्या हाताखाली ऑस्ट्रेलियाची पहिली डिव्हिजन विल्यम ब्रिजेसकडे होती.

लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे अ‍ॅन्झॅकचं उतरणं हे मुख्य काम नव्हतंच. मोहिमेचा सरसेनापती इयान हॅमिल्टन, त्याचा मुख्य घाव द्वीपकल्पाच्या टोकाला, हेलेसला, ब्रिटिशांची २९ वी डिव्हिजन घालणार होती. अ‍ॅन्झॅकने वरच्या बाजूला गाबा टेपे नावाच्या टोकाच्या उत्तरेला उतरायचं, तीन धारा ओलांडून तिसरी गाठायची, पुढे मल टेपेपर्यंत जाऊन द्वीपकल्पाचा रस्ता कापायचा, म्हणजे हेलेसच्या तुर्कांना मदत जाणार नाही. कागदावर बरा प्लॅन आहे. पण नीट बघितलं तर अर्धवट शिकलेल्या, कधीही गोळी न झेललेल्या सैन्याला अंधारात बोटीतून उतरून अनोळखी डोंगरात काही तासांत कित्येक किलोमीटर आत जायला सांगितलंय, आणि तेही पुरेशा तोफांशिवाय.

२५ एप्रिल १९१५, पहाटे साडेचारच्या सुमारास तिसऱ्या ब्रिगेडच्या बोटी आरी बुर्नूच्या टोकाजवळ किनाऱ्याला लागल्या. ठरलेल्या जागेपेक्षा उत्तरेला. प्रवाहाने ढकललं की अंधारात चुकले यावर शंभर वर्षं वाद चाललाय आणि मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. समोर कडा होता हे खरं, पण तिथे पहारा कमी होता हेही तितकंच खरं, तुर्कांची २७ व्या रेजिमेंटची एखादी कंपनी तेवढी त्या पट्ट्यात होती. गाबा टेपेजवळ उतरले असते तर तिथे तारा आणि मशीनगन होत्या. ऑस्ट्रेलियन झुडपं धरून धरून चढले आणि उजाडेपर्यंत पहिली धार त्यांच्याकडे होती. इथपर्यंत त्यांनी जे केलं ते कुठल्याही अनुभवी पायदळाला शोभेल असं आहे.

गडबड त्यानंतर सुरू झाली. तुम्ही त्या जमिनीवर उभे राहिलात की पाच मिनिटांत कळतं. नकाशावर तीन धारा दिसतात, पण प्रत्यक्षात घळी एकमेकीत घुसलेल्या, सोंडा मध्येच तुटणाऱ्या, कंबरेएवढं काटेरी झुडूप, माती अशी की पाय ठेवला की घसरते. पलटण चढायला लागली की दहा मिनिटांत तिचे चार तुकडे होतात आणि कोण कुठे गेलं कुणालाच कळत नाही. बटालियन एकमेकांत मिसळल्या. तिसऱ्या ब्रिगेडचा कमांडर सिंक्लेअर-मॅक्लॅगन, ब्रिटिश आर्मीतून ऑस्ट्रेलियात आलेला माणूस, त्याने हे बघून तिसऱ्या धारेकडे जायच्या ऐवजी दुसऱ्या धारेवर थांबून खणायला सांगितलं, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या ब्रिगेडला डावीकडे वर पाठवायचं होतं ते उजवीकडे ओढून घेतलं. लेफ्टनंट नोएल लाउटिट दोन-चार माणसं घेऊन तिसऱ्या धारेवर पोचलाही होता, तिथून सामुद्रधुनीचं पाणी दिसतं. त्याच्या मागे कुणी आलं नाही. मॅक्लॅगनला मी दोष देताना अडखळतो, कारण तुकडी विस्कटलेली असताना सावरून धरणं हे शिकवलेलंच असतं, पण त्या सकाळी सावरून धरण्याची किंमत सगळ्यात जास्त पडली.

कारण समोरून मुस्तफा कमाल येत होता. १९ व्या डिव्हिजनचा कमांडर, मागे बिगालीला राखीव होता, वरून पक्का हुकूम यायची वाट न बघता ५७ वी रेजिमेंट घेऊन तो चुनुक बायरच्या धारेवर निघाला. त्याने स्वतः नंतर सांगितलेलं असं की वर त्याला पळत येणारे तुर्की शिपाई भेटले, म्हणाले गोळ्या संपल्या, तो म्हणाला संगिनी आहेत ना, संगिनी लावा आणि आडवे पडा. ते आडवे पडले तसे समोरचे ऑस्ट्रेलियनही आडवे पडले, आणि तेवढ्या वेळात मागची रेजिमेंट पोचली. "मी तुम्हाला हल्ला करायला सांगत नाही, मरायला सांगतोय" हा त्याचा हुकूम त्याच सकाळचा. सांगायचं एवढंच की एक कमांडर थांबला आणि एक कमांडर हुकमाशिवाय पुढे आला, दोघांमध्ये तास-दोन तासांचा फरक, आणि उंचावरची जागा त्या दिवसापासून शेवटपर्यंत तुर्कांकडे राहिली.

तोफांचं बघा. पायदळ डोंगरावर अडकलं की त्याला वरून खाली पडणारा गोळा लागतो, धारेच्या पलीकडे लपलेल्यावर मारता येईल असा. युद्धनौकांच्या तोफा सपाट मारतात, गोळा एकतर धारेच्या अलीकडे आपटतो नाहीतर डोक्यावरून लांब जातो. ऑस्ट्रेलियन फील्ड गन संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावर जवळजवळ आल्याच नव्हत्या. त्या दिवशी दुपारी पायदळाच्या मदतीला जी तोफ खरोखर उभी होती ती आपली, हिंदुस्थानी सैन्यातल्या २६ व्या जेकब्स माउंटन बॅटरीची, खेचरांवर सुटे भाग लादून वर पठारावर नेलेली दहा पौंडी पहाडी तोफ. दोन-अडीच तास त्यांनी मारा केला आणि मग तुर्की श्रॅपनेलने, म्हणजे हवेत फुटून छर्रे उडवणाऱ्या गोळ्यांनी, त्यांना तिथून मागे यावं लागलं. ऑस्ट्रेलियन सैनिकांनी या तोफा ऐकून हुरूप आला आणि त्या गप्प झाल्यावर मन खचलं असं लिहून ठेवलंय. मी पायदळातला असल्यामुळे मला ते वाचताना पोटात कालवतं, कारण आपल्या मागची तोफ गप्प होणं म्हणजे काय ते मला माहितीय.

संध्याकाळपर्यंत सुमारे १६,००० माणसं उतरली होती आणि त्यातली २,००० च्या आसपास मेलेली किंवा जखमी. किनारा एवढासा, त्यावर स्ट्रेचरच स्ट्रेचर. ब्रिजेस आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलिया डिव्हिजनचा गॉडली दोघांनीही बर्डवुडला सांगितलं की रातोरात परत बोटीत बसवू. हॅमिल्टनने क्वीन एलिझाबेथ जहाजावरून उत्तर पाठवलं की अवघड काम झालंय, आता सुरक्षित होईपर्यंत खणा, खणा, खणा. माझं मत विचाराल तर त्या रात्री माघार घेणंही शक्य नव्हतं, अंधारात त्या किनाऱ्यावरून लढाई चालू असताना माणसं उचलली असती तर कत्तल झाली असती. म्हणजे पुढेही जाता येत नाही आणि मागेही नाही, अशा जागी ते अडकले.

पुढच्या तीन महिन्यांत ऑस्ट्रेलियन सैनिकांचं काम काय तर ती जागा धरून ठेवणं. सगळी जागा मिळून सुमारे ४०० एकर. क्विन्स पोस्ट नावाच्या चौकीला समोरचा तुर्की चर काही ठिकाणी दहा-पंधरा यार्डांवर, डोकं वर काढलं की गेला. त्यातून जुगाड निघाले. बॉम्ब पुरत नव्हते तर जॅमच्या रिकाम्या डब्यात स्फोटक आणि लोखंडाचे तुकडे भरून बॉम्ब बनवायचे. बीच नावाच्या एका लान्स कॉर्पोरलने आरसे लावून पेरिस्कोप रायफल बनवली, म्हणजे चरात खाली बसून वरचा नेम धरता येतो. खायला डब्यातलं खारट मांस आणि दगडासारखी बिस्किटं, पाणी बोटीने आणून कॅनमध्ये भरून डोंगर चढवायचं, उन्हाळा आला तशा माश्या आल्या आणि माश्यांबरोबर हगवण. ऑगस्टच्या हल्ल्याला जी माणसं उभी केली त्यातली कितीतरी नीट उभीही राहू शकत नव्हती. लढाई शिकवताना हा भाग लोक पटकन ओलांडतात, पण मी मुलांना नेहमी सांगायचो की आधी पाण्याचा हिशेब मांडा, माणशी किती, कुठून येतं, कोण चढवतं, मग बाण काढा नकाशावर.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या त्या सांगतो. मे महिन्यात ऑस्ट्रेलियाची दुसरी ब्रिगेड उचलून हेलेसला नेली आणि ८ मे ला क्रिथिया गावाकडे उघड्या मैदानातून दिवसाढवळ्या पुढे पाठवली. तासाभरात सुमारे १,००० माणसं पडली, गाव हाती आलं नाही. आणि १९ मे ला तुर्कांनी अ‍ॅन्झॅकवर उलटा घाव घातला, ४०,००० च्या वर माणसं, यांना समुद्रात ढकलायचं म्हणून. यावेळी उघड्यावर तुर्क होते आणि चरात ऑस्ट्रेलियन. सकाळपर्यंत तुर्कांचे सुमारे १०,००० पडले, त्यात ३,००० मेलेले, अ‍ॅन्झॅकचे मेलेले १६० च्या आसपास. अल्बर्ट जॅकाला मिळालेला या युद्धातला ऑस्ट्रेलियाचा पहिला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, त्याच दिवसाचा. प्रेतं इतकी की वास सहन होईना, मग २४ मे ला दोन्ही बाजूंनी काही तास युद्ध थांबवून पुरली. त्या दिवशी त्यांनी एकमेकांना जवळून बघितलं, सिगारेटी दिल्या-घेतल्या, आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियनांच्या पत्रांमधली तुर्कांबद्दलची भाषा बदललेली दिसते. ८ मे आणि १९ मे शेजारी ठेवून बघा, बाजू उलट्या आहेत आणि निकाल एकच आहे. मशीनगनसमोर उघड्यावर जो चालला तो मेला, मग तो कुठल्या देशाचा का असेना.

ऑगस्ट हा मोहीम सुटायचा शेवटचा खरा चान्स होता. डाव्या बाजूच्या घळींमधून रात्री वर चढून सारी बायरची धार घ्यायची, म्हणजे चुनुक बायर, हिल क्यू आणि ९७१ नंबरची टेकडी. त्याच वेळी उत्तरेला सुव्ला बे मध्ये नवं ब्रिटिश सैन्य उतरणार. आणि तुर्कांचं लक्ष तिसरीकडे जावं म्हणून ६ ऑगस्टला संध्याकाळी साडेपाचला ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या ब्रिगेडने लोन पाइनवर हल्ला केला. तुर्की चरांवर पाइनचे ओंडके टाकून छप्पर केलेलं, हे लोक पळत गेले आणि बघतात तर आत शिरायला जागाच नाही, काहींनी ओंडके उचकटले, काही मागून चरात शिरले, आणि आत अंधारात संगिनी आणि बॉम्बने चार दिवस मारामारी चालली. ऑस्ट्रेलियाचे २,००० च्या वर, तुर्कांचे त्याहून कितीतरी जास्त पडले, सात व्हिक्टोरिया क्रॉस एकट्या या लढाईत. लोन पाइन जिंकलं. पण ते जिंकून वरची धार मिळत नव्हती, ते फक्त लक्ष वळवायला होतं, आणि दुर्दैव असं की त्याने वळवलेल्या तुर्की राखीव तुकड्या तिकडे आल्यावर चुनुक बायरच्या जवळ पोचल्या. आजही मी या एका मुद्द्यावर वर्गात दोन तास वाद होताना बघितलेत.

वरच्या बाजूला चौथी ऑस्ट्रेलियन ब्रिगेड जॉन मोनाशची, बरोबर २९ वी इंडियन ब्रिगेड. आघिल देरे नावाच्या घळीत रात्री वाट चुकली, वेळ गेला, माणसं आजारी आणि दमलेली, उजाडलं तेव्हा ९७१ अजून लांब होती. ८ तारखेला प्रयत्न केला तर मशीनगनने कापून काढले. हाच मोनाश १९१८ मध्ये फ्रान्सला ऑस्ट्रेलियन कोअरचा कमांडर झाला आणि त्या युद्धातल्या सगळ्यात चांगल्या जनरल्समध्ये त्याचं नाव घेतात. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन बटालियनने ८ तारखेला चुनुक बायर घेतला, ९ ला ६ व्या गुरखा रायफल्सची माणसं हिल क्यूच्या खिंडीत पोचली, आणि तिथेच त्यांच्यावर तोफगोळे पडले, बहुतेक आपल्याच बाजूचे. १० तारखेच्या पहाटे कमालने जमेल तेवढी माणसं घेऊन संगिनीने धार पुसून काढली आणि विषय संपला.

आता ती नेकची गोष्ट, जिच्यावरून बळीचा मुद्दा निघतो. ७ ऑगस्टची पहाट, तिसरी लाइट हॉर्स ब्रिगेड, घोडे इजिप्तमध्ये ठेवून पायदळ म्हणून आलेली. नेक म्हणजे दोन बाजूंना खोल उतार आणि मधे अरुंद जमिनीची पट्टी, मी ती पावलं मोजत चाललोय, खरंच दोन-तीन टेनिस कोर्टांएवढी जागा. ठरलेलं असं की न्यूझीलंडवाले तोपर्यंत चुनुक बायर घेऊन मागून खाली येतील. ते पोचले नव्हते. तोफांचा मारा हल्ल्याच्या वेळेच्या, म्हणजे साडेचारच्या, सात मिनिटं आधीच थांबला, तुर्क परत चरात येऊन उभे राहिले, मशीनगन तयार. पहिली लाट गेली, अर्ध्या मिनिटात संपली. दुसरी गेली. तिसऱ्या लाटेच्या आधी दहाव्या रेजिमेंटचा कर्नल ब्रेझियर मागे जाऊन ब्रिगेड मेजर अँटिलला म्हणाला की हा खून आहे, थांबवा. अँटिलने सांगितलं की समोरच्या चरात आपला झेंडा दिसलाय, पुढे जा. तिसरी गेली, चौथीचाही काही भाग गेला. २३४ मेले. मागून हुकूम देणारा अँटिल ऑस्ट्रेलियन, ब्रिगेडचा कमांडर ह्यूजेसही ऑस्ट्रेलियन. हे मी कुणाला कमी लेखायला लिहीत नाही. ज्यांनी उड्या मारल्या त्यांना काय दिसत होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, काहींनी शेजाऱ्याशी हस्तांदोलन करून मग पाय टाकला. पण त्या सकाळचा दोष लंडनच्या माथी मारला की आपण खरं शिकत नाही. योजना वरची ब्रिटिश होती, सुव्लाला ब्रिटिश जनरल स्टॉपफर्डची कोअर उतरून किनाऱ्यावर वेळ घालवत बसली ही गोष्टही खरी, तोफगोळे फ्रान्सला आधी जात होते हेही खरं, आणि नेकचा हल्ला थांबवू शकणारी माणसं ऑस्ट्रेलियन गणवेशात होती हेही खरं.

सप्टेंबरमध्ये कीथ मर्डोक नावाच्या ऑस्ट्रेलियन पत्रकाराने पंतप्रधान फिशरला लांबलचक पत्र लिहिलं, त्यात चुका बऱ्याच आहेत पण परिणाम झाला. हॅमिल्टनला ऑक्टोबरमध्ये काढलं, त्याच्या जागी जनरल मन्रो आला आणि त्याने बघून सांगितलं निघा. नोव्हेंबरच्या शेवटी बर्फाचं वादळ आलं, माणसं चरात गारठून मेली.

आणि मग जे झालं ते या मोहिमेतलं सगळ्यात चोख काम. माघारीची आखणी ब्रुडेनेल व्हाइट या ऑस्ट्रेलियन स्टाफ ऑफिसरची. त्याने नोव्हेंबरमध्येच सैन्याला कित्येक तास एक गोळीही न झाडता गप्प बसायची सवय लावली, म्हणजे तुर्कांना शांततेचा संशय यायला नको. दिवसा रिकामी खोकी वर चढवायची, संध्याकाळी नेहमीसारखी शेकोटी, १७ डिसेंबरला तर शेल ग्रीन नावाच्या सपाट तुकड्यावर गोळे पडत असताना क्रिकेट खेळले, कारण वरून बघणाऱ्याला सगळं नेहमीचं दिसायला हवं. शेवटच्या दोन रात्रींत राहिलेली सुमारे २०,००० माणसं अ‍ॅन्झॅकहून काढली, बुटांना गोणपाट गुंडाळून. स्करी नावाच्या शिपायाने अशी रायफल बांधली की वरच्या डब्यातून थेंब थेंब पाणी खालच्या डब्यात पडतं, डबा जड झाला की घोडा ओढला जातो आणि कुणी नसताना गोळी सुटते. २० डिसेंबरच्या पहाटे शेवटची बोट निघाली तेव्हा चरातून अजून गोळ्या सुटत होत्या. नुकसान हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. मी विद्यार्थ्यांना लोन पाइन एक तास शिकवायचो आणि ही माघार एक अख्खा दिवस.

आकड्यांचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियाचे ८,१०० हून जास्त मेले, न्यूझीलंडचे २,७०० च्या वर, ब्रिटिशांचे २१,००० च्या आसपास, आणि तुर्कांचे ८०,००० च्या वर. ब्रिटिश सैनिक ऑस्ट्रेलियनांपेक्षा अडीचपट जास्त मेले हे ऐकून माझ्या ऑस्ट्रेलियन मित्रांनाही धक्का बसतो. पण पन्नास लाखांहून कमी लोकवस्तीच्या देशाला, ज्याचं एकसंध राष्ट्र होऊन जेमतेम चौदा वर्षं झाली होती, ८,००० म्हणजे काय हेही समजून घ्यायला हवं. गावागावात स्मारकं आहेत तिकडे, छोट्या छोट्या गावात, आणि त्यावर एकाच आडनावाची तीन-तीन नावं. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये फ्रोमेलला एका रात्रीत त्यांचे साडेपाच हजार पडले, तरी २५ एप्रिल हीच तारीख पाळतात.

शेवटचा प्रश्न, आपल्याकडचं कुणी होतं का. होते, हजारोंनी. माउंटन बॅटऱ्यांचं वर सांगितलं. खेचरं हाकणारे आपले ड्रायव्हर्स नसते तर अ‍ॅन्झॅकला पाणी आणि दारूगोळा डोंगरावर गेलाच नसता, रात्री त्याच वाटेने रोज, वरून श्रॅपनेल पडतंय. ऑस्ट्रेलियन पोरं बिस्किटं देऊन त्यांच्याकडून चपात्या घ्यायची. गाढवावरून जखमी आणणारा सिम्प्सन, ज्याचं चित्र तिकडच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहिती असतं, तो राहायचा-जेवायचा आपल्या बॅटरीच्या लोकांत, आणि ते त्याला बहादूर म्हणायचे. यातले बहुतेक पंजाबी, शीख, गुरखे.

मराठी माणसाचा संबंध मात्र गॅलिपोलीच्या फसण्याशी वेगळ्या वाटेने येतो. गॅलिपोलीत नाचक्की होतेय म्हणून कुठेतरी यश दाखवायचं या घाईत १९१५ च्या ऑक्टोबरमध्ये बगदादवर चालून जायला परवानगी दिली, आणि तिकडे गेली ती सहावी पूना डिव्हिजन, जिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्या आजच्या इराकमधल्या कुत गावात वेढल्या गेल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला, १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, उपासमारीने शरण गेल्या. त्यांच्याबरोबर त्या वेढ्यात काही ऑस्ट्रेलियनही होते हे फार थोड्यांना माहितीय. भारत सरकारने मागितले म्हणून ऑस्ट्रेलियाने विमानांची एक छोटी तुकडी पाठवली होती, वैमानिक आणि मेकॅनिक, ती मुंबईवरूनच बसऱ्याला गेली. कुत पडलं तेव्हा त्यातले नऊ मेकॅनिक आपल्या मराठा शिपायांबरोबर कैदेत गेले, वाळवंटातून त्याच रांगेत चालले, आणि नवातले दोनच परत घरी पोचले.